पटापाशी उभा तिसरा

दिवाळीच्या किल्ल्यावर आमच्या घरी लढाई व्हायची. साताऱ्यात बाकीच्यांचे किल्ले नुसते बघायचे असत. वर सिंहासनावर महाराज, खाली वाण्याचं दुकान, विहिरीवर पाणी भरणारी बाई, उतारावर हळिवाची हिरवळ आणि कोणाच्या घरी डॉक्टर असला तर सलाईनच्या नळीचं कारंजं. आमच्याकडे मात्र भाऊबिजेच्या दुपारी दोघे चुलतभाऊ मावळे वाटून घेत आणि गोट्या मारून एकमेकांचे पाडत. मातीचे मावळे ते, पडले की मुंडकं वेगळं. आजी ओरडायची. मला गोटी मारायला मिळत नसे, पण माझ्याकडे दुसरं काम होतं. "ए चिमणे, दिल्याला सांगू नको हं," म्हणत बापू गुहेमागे चार मावळे दडवायचा, तेवढा वेळ दिलीप भिंतीकडे तोंड करून उभा. मग बापूनं डोळे मिटायचे आणि दिलीपनं लपवायचे. कुठे किती आहेत ते फक्त मला ठाऊक, कारण पुढे भांडण झालं तर कोणीतरी खरं सांगायला हवं. आठ-नऊ वर्षांची असेन. दोघांची गुपितं पोटात घेऊन गप्प बसण्यात केवढी मजा असते, ते मला तिथेच कळलं.

आता न्यू जर्सीत राहते, एका औषधकंपनीत संख्याशास्त्राची नोकरी करते आणि वर्षातून एकदा गाडीच्या डिकीत अडीच नद्या, सहा गावं आणि काही हजार माणसं भरून पेनसिल्व्हेनियाला जाते. (अर्धी नदी एका वर्षी पार्किंगमध्ये गाडीखाली आली.) तिथे ऐतिहासिक लढाया टेबलावर खेळणाऱ्यांचा मेळा भरतो. मोठ्या हॉटेलचा हॉल, नजर पोचेल तिथवर टेबलं. इकडे वॉटर्लू, तिकडे गेटिसबर्ग, कोपऱ्यात रोमन जहाजं. प्रत्येक टेबलापाशी एक माणूस उभा असतो. तो खेळत नाही. पट त्यानं मांडलेला, बोटभर उंचीचे सैनिक त्यानं रंगवलेले, नियम त्याच्या डोक्यात. त्याला गेम मास्टर म्हणतात, बोलताना नुसतं जीएम. पैसे मिळत नाहीत. ठरलेले तास खेळ चालवलात तर प्रवेशशुल्क माफ, बाकी पेट्रोल आपलं, रंग आपले, पाठदुखी आपली. पहिल्या वर्षी मी निघाले तेव्हा नवरा दारात म्हणाला, "चालली लष्कराच्या भाकऱ्या भाजायला." मराठीतला हा वाक्प्रचार इतका नेमका दुसरीकडे कुठे बसला असेल असं मला वाटत नाही.

हा तिसरा माणूस खेळात आला कुठून, याचा मी बरीच वर्षं माग काढते आहे. बुद्धिबळात तो नाही. तिथे सगळा पट दोघांना उघडा असतो, उंट तिरका जातो म्हणजे जातो, त्यात विचारायचं कोणाला? १७८० साली ब्रन्सविकमध्ये योहान हेलविग या गणिती माणसानं बुद्धिबळाचाच पट वाढवून त्याचे दीड हजारावर चौकोन केले आणि त्यांना डोंगर, दलदल, पाणी असे रंग दिले. पुढे कोणी चौकोन ३६०० वर नेले. पट वाढला, नियमांची पुस्तकं जाडजूड झाली, पण डाव दोघांचाच राहिला. शत्रूची अख्खी फौज डोळ्यांसमोर मांडलेली असताना त्याला युद्ध म्हणायचं तरी कसं, हा प्रश्न मात्र तसाच होता.

त्याचं उत्तर राइसविट्झ बापलेकांकडे सापडतं. बाप ब्रेस्लाऊचा मुलकी अधिकारी. त्यानं चौकोन टाकून दिले आणि वाळूत भूभाग घडवून त्यावर खेळ मांडला. प्रशियाच्या राजपुत्रांना तो आवडला, राजानं बघायला मागितला. राजासमोर वाळू कशी न्यायची? म्हणून १८१२मध्ये एक भलंमोठं लाकडी टेबल तयार झालं. खण असलेलं, त्यात टेकड्या, रस्ते, नद्या कोरलेल्या प्लॅस्टरच्या लाद्या, हव्या तशा जुळवून बसवायच्या. दिवाणखान्यात शोभेल असं फर्निचर. मला बाप आवडतो, कारण हौशी माणसाची खूण त्याच्यात आहे: दाखवायची वेळ आली की वस्तू ठरल्यापेक्षा दुप्पट देखणी होते.

पण खेळ बदलला तो लेकानं. हा तोफखान्यातला लेफ्टनंट. त्यानं टेबल सोडून १:८००० प्रमाणाचा नकाशा घेतला, पलटणींसाठी शिशाचे लाल आणि निळे ठोकळे केले आणि १८२४मध्ये नियम छापले. दोन्ही बाजूंनी एकमेकांना बघायचं नाही. हुकूम कागदावर लिहून मधल्या माणसाकडे द्यायचे. एक डाव म्हणजे युद्धातली दोन मिनिटं. तेवढ्या वेळात पायदळ जितकं चालेल तितकाच ठोकळा सरकणार, आणि सरकवणार तो मधला माणूस. शत्रू दिसू लागला की तोच सांगणार, तोवर नकाशा रिकामा. गोळीबारात किती पडले हे फाशावर आणि कोष्टकावर ठरायचं. कोष्टकंही हवेतून आणलेली नव्हती. प्रशियाचा सेनानी शार्नहॉर्स्टनं बंदुकांच्या माऱ्याच्या ज्या चाचण्या छापल्या होत्या, त्यांचे आकडे त्यामागे होते. मी पोटापाण्यासाठी जे करते, म्हणजे चाचणीतल्या आकड्यांवरून शक्यता काढणं, तेच हा लेफ्टनंट दोनशे वर्षांपूर्वी मस्केटच्या गोळ्यांसाठी करत होता. मधल्या माणसाला त्यानं नाव दिलं होतं, त्याचा अर्थ 'विश्वासातला'. पंच नाही, न्यायाधीश नाही. दोन्ही बाजूंनी ज्याला पोटातलं सांगावं असा. ते वाचलं तेव्हा मला बापूची गुहा आठवली.

सेनाप्रमुख म्युफलिंग यांच्यापुढे हा खेळ झाला. सुरुवातीला त्यांनी थंडपणे घेतलं, पण ठोकळे सरकू लागले तसे ते गुंतत गेले आणि शेवटी हा खेळ सगळ्या सैन्याला शिकवायला हवा असं ठरवून बसले. लष्करी साप्ताहिकात त्यांनी शिफारस छापली, राजानं पलटणी-पलटणींना संच द्यायला लावले. लेफ्टनंटचं मात्र भलं झालं नाही. त्याची बदली टोरगाऊच्या किल्ल्यावर झाली, ती त्याला हद्दपारीसारखी लागली, आणि १८२७मध्ये त्यानं स्वतःला गोळी घालून घेतली. सहकाऱ्यांच्या मत्सराबद्दल बरंच लिहिलं गेलंय. मला एवढंच वाटतं, की ज्यानं दोघांच्या मधे एक विश्वासाचा माणूस उभा केला, त्याला स्वतःला तसा कोणी सापडला नाही.

नंतरची पन्नास वर्षं कोष्टकं वाढत गेली. अंधार असेल तर इतके वजा, चढ असेल तर इतके, घोडे दमलेले असतील तर आणखी. दोन मिनिटांची हालचाल ठरवायला मधल्या माणसाला तासभर पुस्तक चाळावं लागे आणि कॅप्टन लोक जांभया देत. शेवटी १८७६मध्ये फेर्डी दु व्हेर्नुआ यांनी कोष्टकं बाजूला सारली. हे १८७०च्या फ्रान्सविरुद्धच्या युद्धात प्रशियाचे सेनाप्रमुख मोल्टके यांच्या कचेरीत काम केलेले गृहस्थ. खरं युद्ध बघितलेल्या अनुभवी अधिकाऱ्यानं परिस्थिती ऐकावी आणि काय झालं ते सांगून टाकावं, एवढाच त्यांचा नियम. याला मोकळा खेळ म्हणू लागले, आधीच्याला ताठर. तेव्हापासून हे दोन पंथ आहेत आणि आमच्या मेळ्यात रात्री अकराला बिअरवर जी भांडणं होतात ती याच दोघांची असतात, भांडणाऱ्यांना माहीत असो वा नसो. धंद्यानं मी कोष्टकवाली. आकड्यांना कोणाचं तोंड बघून बोलायची सवय नसते, हे मला माहीत आहे. तरीही टेबलापाशी उभी राहिले की मी मोकळ्यांत जाते. का, ते पुढे येईलच.

एच. जी. वेल्स यांना तिसरा मुळीच नको होता. १९१३च्या 'लिटल वॉर्स'मध्ये त्यांनी फासेही टाकून दिले; स्प्रिंगच्या खेळण्यातल्या तोफेतून लाकडी गोळी उडवायची, आदळून सैनिक पडला की मेला. म्हणजे आमच्या गोट्याच की! लष्करातला खेळ कंटाळवाणा आहे असंही ते सांगतात. पुस्तकाच्या उपशीर्षकात हा खेळ मुलग्यांसाठी आहे असं म्हणून, मुलग्यांचे खेळ आवडणाऱ्या जरा हुशार मुलींनाही त्यांनी आत घेतलंय. त्यांचे आभार मानावेत की नाही, हे माझं अजून ठरलेलं नाही.

हुशार मुलींचं खरं प्रकरण १९४२ सालचं आहे. जर्मन पाणबुड्या अटलांटिकमध्ये ब्रिटिश मालवाहू जहाजांचे तांडे बुडवत होत्या. जानेवारीत लिव्हरपूलच्या डर्बी हाउसमध्ये गिल्बर्ट रॉबर्ट्स या क्षयामुळे निवृत्त झालेल्या नौदल अधिकाऱ्याला वरच्या मजल्यावर जागा दिली गेली: पाणबुड्या काय करतात ते शोधा. हाताखाली माणसं दिली ती नौदलाच्या महिला विभागातली, बहुतेक विशीच्या आसपासच्या मुली. समुद्र कधी न बघितलेल्याही त्यांत होत्या. त्यांनी जमिनीवरच्या लिनोलियमवर चौकटी आखून त्याचा समुद्र केला. खेळायला येणारे खरे कप्तान कॅनव्हासच्या पडद्यामागे उभे राहत आणि फटीतून बघत, कारण जहाजाच्या ब्रिजवरून याहून जास्त दिसत नाही. मुली गुडघ्यांवर बसून जहाजं सरकवत, खडूनं मार्ग ओढत. रक्षक जहाजांचा मार्ग पांढऱ्या खडूनं, पाणबुडीचा हिरव्यानं, कारण फटीच्या कोनातून हिरवा दिसत नसे.

मला हा खडू फार आवडतो. सगळं समोर जमिनीवर लिहिलेलं आहे, आणि तरी दिसत नाही.

त्या फरशीवर कोडं सुटलं. पाणबुडी बाहेरून मारा करत नाही. रात्री पृष्ठभागावरून येऊन तांड्याच्या आत शिरते, मारते, आणि मग बुडी मारून मागे राहते. म्हणजे रक्षक बाहेर शोधत पळतात आणि ती त्यांच्या मागे स्वस्थ. यावर जो डाव बसवला त्याला जीन लेडलॉ या मुलीनं 'रास्पबेरी' नाव दिलं. इंग्रजीत तोंडानं जो वाकुल्यांचा आवाज काढतात त्याचं ते नाव, हिटलरला उद्देशून. ॲडमिरल मॅक्स हॉर्टन हे स्वतः जुने पाणबुडीवाले. ते एकदा पाणबुडीच्या बाजूनं खेळले आणि पुन्हा पुन्हा सापडले. पडद्यापलीकडे जॅनेट ओकेल होती, वय वीसच्या आसपास. युद्ध संपेपर्यंत सुमारे पाच हजार अधिकारी त्या फरशीवरून गेले. आमच्या हॉलमध्ये पहिल्या वर्षी एका गृहस्थांनी, नाव कशाला घ्या, मला विचारलं होतं की जीएम कुठे गेला, परत कधी येईल? तेव्हा मला ओकेलबाईंची गोष्ट ठाऊक नव्हती. ठाऊक असती तर सांगितली असती, आणि खेळ अर्धा तास उशिरा सुरू झाला असता.

युद्धानंतर हा उद्योग लष्कराच्या हातून सुटून घरोघरी गेला. तळघरात वाळूचं टेबल, गॅरेजमध्ये शिसं वितळवायची भट्टी. कॅलिफोर्नियात जॅक स्क्रूबी साचे ओतू लागले आणि १९५७पासून याच विषयावर एक त्रैमासिक काढू लागले. इंग्लंडात साउदॅम्प्टनचे डोनाल्ड फेदरस्टोन, पेशानं फिजिओथेरपिस्ट, १९६२मध्ये त्यांचं 'वॉर गेम्स' आलं. ही माणसं एकमेकांपासून शेकडो मैलांवर, पत्रांवर जोडलेली. गावात आपल्यासारखा वेडा दुसरा कोणी नाही म्हटल्यावर वर्षातून एकदा भेटायची टूम निघणारच. १९६८च्या उन्हाळ्यात विस्कॉन्सिनमधल्या लेक जिनिव्हा गावी विमा कंपनीत काम करणाऱ्या गॅरी गायगॅक्सनं हॉर्टिकल्चरल हॉल पन्नास डॉलर भाड्यानं घेतला. शंभरेक माणसं आली. फुलांच्या प्रदर्शनाच्या हॉलमध्ये तोफा मांडल्या गेल्या. आजचा अवाढव्य जेन कॉन मेळा तिथून सुरू झाला. जो टेबल आणेल त्यानंच ते चालवायचं ही रीत तेव्हा सोयीची होती, पुढे ती रूढी झाली.

याच सुमाराला मिनेसोटात डेव्हिड वेस्ली या विद्यार्थ्याला विद्यापीठाच्या ग्रंथालयात चार्ल्स टॉटन या अमेरिकी लष्करी माणसाचं १८८०चं 'स्ट्रॅटेगॉस' सापडलं. त्यातली एक गोष्ट त्यानं उचलली: खेळाडूनं नियमात नसलेलंही करून बघावं, जमेल की नाही ते पंच सांगेल. त्यानं ब्राउनस्टाइन नावाचं एक काल्पनिक जर्मन गाव रचलं, नेपोलियनच्या काळातलं. दोन सेनापतींशिवाय बाकी खेळाडूंना त्यानं गावातल्या भूमिका दिल्या. कोणी नगराध्यक्ष, कोणी सावकार, कोणी विद्यार्थी. वेस्ली शेजारच्या खोलीत बसून एकेकाला आत बोलावणार होता. पण बाहेर सगळे आपापसात कुजबुजू लागले, सौदे करू लागले, दोघांनी तर परस्पर द्वंद्वयुद्ध ठरवलं आणि निकाल मागायला आले. त्याच्याकडे त्याचे नियमच नव्हते. त्यानं तिथल्या तिथे काहीतरी ठरवलं. रात्री घरी जाताना त्याला वाटत होतं की डाव फसला. खेळाडू मात्र पुढचा कधी म्हणून विचारत होते. त्यांतल्या डेव्ह आर्नेसननं गावाच्या जागी किल्ला आणि तळघरं आणली, तो गायगॅक्सला जाऊन मिळाला आणि १९७४मध्ये 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' निघालं. मुखपृष्ठावर त्याला युद्धखेळाचेच नियम म्हटलं होतं, आणि टेबलाच्या टोकाला बसणारा माणूस त्यात नुसता रेफरी होता. डंजन मास्टर, गेम मास्टर या पदव्या मागून आल्या. राइसविट्झचा 'विश्वासातला' या वाटेनं आमच्या हॉलमध्ये पोचला, मधे राक्षसांशी लढून.

मी जी लढाई मांडते ती असईची. जालना जिल्ह्यात भोकरदनजवळचं गाव. २३ सप्टेंबर १८०३. अमेरिकन, ब्रिटिश सगळे तिला 'असाये' म्हणतात. इंग्रजांच्या आर्थर वेल्स्लीकडे कवायती फौज साडेचार हजारांच्या आसपास. समोर शिंद्यांचे कंपू, त्यांत पोहलमन या हॅनोव्हरच्या माणसाच्या हाताखालच्या पलटणी, बेगम समरूच्या पलटणी आणि शंभराच्या घरात तोफा. मराठ्यांची घोडदळं निराळीच. केळणा आणि जुई या नद्यांच्या बेचक्यात सगळं उभं. वाटाडे वेल्स्लीला सांगत होते की पुढे उतार नाही. त्यानं दुर्बिणीतून बघितलं तर नदीच्या अल्याड-पल्याड दोन गावं समोरासमोर, इंग्रजी कागदांतली पीपलगाव आणि वारूर. दोन गावं अशी वसली आहेत तर लोक येत-जात असणार, म्हणजे उतार असणार. तो तिकडे वळला आणि उतार होता.

पहिल्या वर्षी मी हे सगळं पटावर ठेवलं: निळा रेक्झिन कापून केळणा, भांडी घासायच्या हिरव्या घासणीच्या बाभळी, समोरासमोर दोन गावं. इंग्रजांच्या खेळाडूच्या हातात वाटाड्याचा निरोप दिला, उतार नाही. त्यानं दुसरं काही विचारलं नाही. मी तोंड उघडलं नाही, कारण नियमात तसं नव्हतं. तो समोरून तोफांवर चालून गेला आणि पाऊण तासात खेळ संपला. चार तासांचा डाव होता. सहा माणसं, त्यांत एक जण ओहायोहून गाडी चालवत आलेला, माझ्याकडे बघत बसली. चूक सगळी माझी. गुपित राखणं म्हणजे गप्प बसणं नव्हे, हे नऊ वर्षांच्या चिमणीला कळत होतं. बापू फारच चुकीच्या जागी गोट्या मारायला लागला की मी खोकायची. दुसऱ्या वर्षापासून मी डाव सुरू असताना सहज सांगते, की सकाळी वारूरहून एक बैलगाडी आली, चाकं ओली होती. बहुतेकांना कळतं. एकाला नाही कळलं, त्यानं गाडीत काय माल होता ते विचारलं.

पुढचं कोष्टकांवर चालतं. नदी ओलांडून वेल्स्ली बाजूनं आला तेव्हा पोहलमननं अख्खी फळी काटकोनात फिरवली. इतकी शिस्त वेल्स्लीनं अपेक्षिलीच नव्हती. माझ्या टेबलावर ते वळण घ्यायला मराठ्यांच्या खेळाडूला फासा टाकावा लागतो, आणि मी त्याला चांगले आकडे देते, कारण ते घडलं होतं. उजवीकडची ७४वी हायलँडर्स पलटण भलतीकडे असई गावाच्या अंगाला भरकटली आणि तिथल्या तोफांनी तिची चाळण केली. तिचे जवळजवळ सगळे अंमलदार मेले किंवा जायबंदी झाले. इंग्रजांची एकूण दीड हजारांवर माणसं पडली, आणि शेवटी त्यांनी ९८ तोफा घेतल्या. वेल्स्लीनं म्हातारपणीही आपली सर्वोत्तम लढाई म्हणून असईचंच नाव घेतलं. मराठ्यांच्या गोलंदाजांबद्दल मात्र टेबलाभोवतीच्या फार थोड्यांना माहिती असते.

मागच्या खेपेला इंग्रजांकडून एक निवृत्त शाळामास्तर होते. नियमांची वही पिवळ्या खुणा करून आणलेली. तोफांवर चढाई झाली, फासे त्यांच्या बाजूनं पडले, तोफा हाती लागल्या. त्यांनी पुढे सरकायचा हुकूम लिहून दिला. मारले गेलेले सैनिक आमच्याकडे पटावरून उचलायची पद्धत आहे. मी गोलंदाज उचलले नाहीत, आपापल्या तोफेशेजारी नीट आडवे केले. मास्तर हसले, म्हणाले, "छान दिसतंय. फोटो काढतो." काढला. त्यांच्या पलटणी दोन वीत पुढे गेल्या, मराठ्यांची दुसरी फळी समोर दिसू लागली, सगळ्यांचं लक्ष तिकडे.

मग मी मागे येऊन एकेक गोलंदाज उभा केला, आणि तोफांची तोंडं फिरवली.

मास्तरांनी वही उघडली. बरीच चाळली. "हे यात कुठे आहे?"

"वहीत नाही," मी म्हणाले. "असईला होतं. मेल्याचं सोंग घेऊन पडले होते, पलटणी पुढे गेल्यावर उठले आणि पाठीत मारा सुरू केला."

मराठ्यांच्या बाजूचा कॉलेजातला मुलगा आनंदानं टेबलावर वाकला, त्याची बाही पीपलगावला लागून दोन घरं पडली. मास्तरांनी वही मिटून खिशात घातली, चष्मा कपाळावर चढवला आणि टेप घेऊन आपल्या सगळ्यात मागच्या पलटणीपासून तोफांपर्यंतचं अंतर मोजलं. नंतर दुसऱ्यांदा मोजलं.

"माझी माणसं मागे वळली आहेत, की त्यांना अजून कळलेलंच नाही?" त्यांनी विचारलं.

"ते तुम्ही मला लिहून द्यायचं," मी म्हणाले आणि कागद पुढे केला.